एटीजी, रिटुक्सिमॅब आणि त्यानंतरची वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किडनी प्रत्यारोपणानंतर ओपीडीत येणारी माणसं गोळ्यांबद्दल अगदी बारकाईने विचारतात. टॅक्रोलिमस जेवणाआधी घ्यायची की नंतर, मायकोफेनोलेटमुळे पोट बिघडलंय का, स्टिरॉइड कधी कमी होणार? ऑपरेशनच्या आठवड्यात सलाईनमधून दिलेल्या औषधाबद्दल मात्र फार कमी जण विचारतात. ते तर तेव्हाच संपलं, असं वाटतं. गोळी बंद केली की तिचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. पण ही इंजेक्शनं प्रतिकारशक्तीच्या पेशीच काढून टाकतात, आणि त्यांच्या जागी ज्या पेशी येतात त्या हुबेहूब पूर्वीसारख्या नसतात. हा फरक रुग्णांना कोणी नीट बसून सांगत नाही, ओपीडीच्या गर्दीत मलाही दरवेळी जमत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. कोणतंही औषध स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. इथलं वाचून प्रश्न पडले तर ते तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा.

अँटीबॉडी तर आपलं रक्षण करते ना? मग तिनेच प्रतिकारशक्ती कमी कशी होते?

सर्पदंशावरचं इंजेक्शन आठवा. घोड्याला सापाचं विष थोडंथोडं टोचतात, घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, आणि त्या शुद्ध करून माणसाला देतात. मुंबईच्या हाफकिनने हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. अँटीबॉडीला चांगलं-वाईट कळत नाही. जे पकडायला ती शिकली तेच ती पकडते. आता विषाच्या जागी माणसाच्या थायमस ग्रंथीतल्या पेशी आणि घोड्याच्या जागी ससा आहे असं समजा. सशाच्या रक्तात तयार होणाऱ्या अँटीबॉडी माणसाच्या टी-पेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, पकडतील. हीच एटीजी, म्हणजे अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन. अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी १९६६ साली घोड्यापासून बनवलेलं असं औषध किडनी प्रत्यारोपणात वापरायला सुरुवात केली. घोड्यापासून केलेली एटीजी आजही मिळते.

एटीजी म्हणजे शेकडो प्रकारच्या अँटीबॉडींचं मिश्रण. पुढे १९७५ मध्ये क्योलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तेवढी बनवण्याची पद्धत शोधली. तीच मोनोक्लोनल अँटीबॉडी. माणसांत वापरायला मंजूर झालेलं पहिलं मोनोक्लोनल औषध, ओकेटी-३, हे शरीर प्रत्यारोपित किडनी नाकारू लागलं तर ते थांबवण्यासाठीच होतं. आता ते बाजारात नाही. ज्या औषधाच्या नावाच्या शेवटी ‘मॅब’ येतं, ते याच कुळातलं.

मला यातलं कोणतं दिलं होतं, हे कसं कळेल?

डिस्चार्ज कार्डावर ‘इंडक्शन’ (ऑपरेशनच्या वेळी सलाईनमधून दिलेलं औषध) या शब्दासमोर पाहा. तिथे बहुधा एटीजी किंवा बॅसिलिक्सिमॅब लिहिलेलं असतं. दात्याचा रक्तगट जुळत नसेल, तर ऑपरेशनच्या काही आठवडे आधी रिटुक्सिमॅब दिलं असण्याची शक्यता बरीच असते. ते वेगळ्या कागदावर असतं आणि तोच कागद हरवतो.

माझ्या कार्डावर बॅसिलिक्सिमॅब आहे. पुढचं वाचायची गरज आहे का?

तशी फारशी नाही. बॅसिलिक्सिमॅब पेशी मारत नाही. टी-पेशीवर सीडी-२५ नावाचा एक रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणारी जागा, असते. ती जागा हे औषध काही आठवडे झाकून ठेवतं. ऑपरेशनच्या दिवशी २० मिलिग्रॅम आणि चौथ्या दिवशी २० मिलिग्रॅम असे दोन डोस असतात, आणि महिना-दीड महिन्यात परिणाम ओसरतो. वर्षभरानंतर तुमच्या पेशींची जी स्थिती असेल ती रोजच्या गोळ्यांमुळे असेल.

एटीजी दिल्यावर पेशींचं नेमकं काय होतं?

पहिली बाटली सावकाश, चार ते सहा तासांत देतात. त्याआधी स्टिरॉइड, पॅरासिटामॉल आणि अॅलर्जीचं औषध दिलेलं असतं. तरीही थंडी-ताप येतो, कारण कोट्यवधी पेशी एकाच वेळी फुटून आपल्यातली रसायनं रक्तात सोडतात. दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टवर लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ दिसत नाहीत. नातेवाईक घाबरतात, पण औषधाने करायचं काम हेच होतं.

रक्तातले लिम्फोसाइट हे शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटच्या सुमारे दोन टक्केच असतात. बाकीचे लसिकाग्रंथी, प्लीहा, आतडं आणि बोन मॅरोमध्ये असतात. एटीजी तिथेही पोचते, पण तिथल्या सगळ्या पेशी मरत नाहीत. काही तग धरतात, आणि पुढची सगळी कथा या उरलेल्या पेशींची आहे.

मग त्या परत वाढतात ना?

वाढतात. कशा वाढतात, हे मात्र समजून घ्यावं लागेल.

ऊस लावणाऱ्यांना हे पटकन कळेल. नवीन बेणं आणून केलेली लागण वेगळी, आणि तोडणीनंतर जुन्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा वेगळा. टी-पेशींची लागण थायमसमध्ये होते. छातीच्या हाडामागे असलेली ही ग्रंथी लहानपणी मोठी असते. इथे टी-पेशी शिकतात, आणि ज्या स्वतःच्याच शरीरावर उठतील अशा पेशी इथेच गाळल्या जातात. तयार होणाऱ्या बहुतेक पेशी या परीक्षेत बाद होतात. वयात आल्यानंतर ही ग्रंथी आकसत जाते, तिच्या जागी चरबी साठते. म्हणून चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला एटीजी दिली की नवीन लागण जवळजवळ होत नाही. रक्तात परत दिसणाऱ्या पेशी म्हणजे तोडणीतून वाचलेल्या पेशींचा खोडवा असतो. एकाची दोन, दोनाची चार होत त्या मोकळी झालेली जागा भरून काढतात.

आकडा वाढतो, विविधता तेवढी वाढत नाही. वाचलेल्यांत ‘अनुभवी’ पेशींचा भरणा जास्त असतो, म्हणजे पूर्वी कुठल्या ना कुठल्या जंतूशी लढलेल्या पेशींचा. कधीच कशाला न भेटलेल्या, नवीन जंतू ओळखू शकणाऱ्या कोऱ्या पेशी कमी राहतात. म्हणूनच जुन्या ओळखीच्या जंतूंशी शरीर बऱ्यापैकी लढतं, पण नव्या विषाणूसमोर किंवा नव्या लसीसमोर ते संथ पडतं.

यातली दुसरी बाजूही सांगायला हवी. बाकी पेशींना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी एटीजीनंतर प्रमाणाने वाढलेल्या दिसतात. किडनीसाठी हे बरं. आम्ही हे औषध फक्त धोका पत्करून देत नाही, त्यातून मिळणारं संरक्षण खरं असतं. ज्या रुग्णात किडनी नाकारली जाण्याची शक्यता जास्त आहे, त्याला एटीजी द्यायला मी आजही कचरत नाही.

माझा रिपोर्ट नॉर्मल आहे. लिम्फोसाइट १,८००. तरी तुम्ही सीडी-४ मोजायला का सांगता?

कारण १,८०० ही बेरीज आहे, आणि बेरजेत कोण किती हे दिसत नाही.

टी-पेशींचे दोन मोठे गट आहेत. सीडी-४ पेशी बाकीच्यांना आदेश देतात, सीडी-८ पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात. निरोगी माणसात सीडी-४ जास्त असतात, साधारण ५०० ते १,५०० प्रति मायक्रोलीटर. एटीजीनंतर सीडी-८ लवकर वाढतात, सीडी-४ मागे राहतात. काही जणांत हा उलटा तोल कित्येक वर्षं टिकतो. एकूण आकडा छान, पण सीडी-४ दोनशेच्या खाली, असं होऊ शकतं. अशा वेळी न्यूमोसिस्टिससारखा फुफ्फुसाचा संसर्ग डोकं वर काढतो. हा संसर्ग टाळायला सेप्ट्रानची गोळी देतात. ‘वर्ष झालं, आता सेप्ट्रान बंद करू का?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच प्रत्येकासाठी एकसारखं नसतं.

यात सायटोमेगॅलो विषाणूचीही भर पडते. भारतात बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो लहानपणापासून झोपलेला असतो. एटीजीनंतर तो जागा होऊ नये म्हणून पहिले काही महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर देतात. ही महागडी गोळी परवडत नाही म्हणून मध्येच सोडलेली मी पाहिली आहे, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुढचा खर्च तिच्या कितीतरी पट होतो. गोळी परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. त्यात लाज बाळगू नका, कारण काही ना काही मार्ग काढता येतो. हा विषाणू पुन्हा पुन्हा जागा झाला की एकट्या त्याच्यासाठीच सीडी-८ पेशींची मोठी फौज उभी राहते. त्या पेशी सतत विभागून थकतात आणि त्यांच्यावरची सीडी-२८ ही खूण निघून जाते. वयापेक्षा म्हाताऱ्या झालेल्या पेशी म्हणतात त्या ह्याच.

आईला वयाच्या ६२व्या वर्षी किडनी मिळाली, भाच्याला १९व्या वर्षी. दोघांनाही एटीजी दिली. परिणाम सारखाच राहील का?

नाही. भाच्याची थायमस अजून काम करते आहे, त्याच्यात लागणही होईल. आईच्या बाबतीत खोडव्यावरच भिस्त. तिचा डोस मुळात कमी ठेवतात आणि संसर्गावर लक्ष जास्त दिवस ठेवतात.

रिटुक्सिमॅबचा परिणाम किती दिवस राहतो? मला नेफ्रॉटिक सिंड्रोमसाठी (लघवीतून प्रथिनं जाण्याच्या किडनीच्या आजारासाठी) दिलं होतं.

हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत लिम्फोमासाठी मंजूर झालं. आता ते संधिवात, पेम्फिगस, किडनीचे आजार आणि प्रत्यारोपण अशा अनेक ठिकाणी वापरतात. २००७ पासून ते भारतातही बनतं, त्यामुळे इथे वापर खूप वाढला. म्हणूनच हे उत्तर थोडं लांबवतो.

बी-पेशी म्हणजे ज्यांच्यापासून पुढे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या. रिटुक्सिमॅब त्यांच्यावरची सीडी-२० ही खूण पकडतं. रक्तातल्या बी-पेशी काही दिवसांत नाहीशा होतात आणि साधारण सहा ते नऊ महिन्यांनी पुन्हा दिसू लागतात. वर्षभरात बहुतेकांचा आकडा सावरतो. प्रत्यारोपणाच्या रुग्णांत त्याला जास्त काळ लागू शकतो, कारण बाकीच्या गोळ्या चालूच असतात.

इथे टी-पेशींपेक्षा चित्र वेगळं आहे. बी-पेशी बोन मॅरोमध्ये जन्मभर तयार होतात, म्हणजे इथे खरोखर नवीन लागण होते. आधी अर्धवट वाढलेल्या, मग कोऱ्या पेशी, अगदी नवजात बाळात दिसतात त्याच क्रमाने. जुन्या आजारांची आठवण धरून ठेवणाऱ्या स्मृती-पेशी मात्र फार हळू भरतात. रक्तात बी-पेशींचा एकूण आकडा नॉर्मल असतानाही त्या वर्षानुवर्षं कमी असू शकतात. ज्या आजारात स्वतःविरुद्धच्या अँटीबॉडी बनत होत्या, तिथे हा विसर उपयोगी ठरतो. स्मृती-पेशी परतल्या की आजारही परततो, असं अनेकदा दिसतं.

मग औषध दिल्याबरोबर गोवराविरुद्धची अँटीबॉडी का जात नाही? कारण ती बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी बोन मॅरोमध्ये असतात आणि त्यांच्यावर सीडी-२० नसतं. रिटुक्सिमॅबला त्या दिसतच नाहीत. त्यातल्या काही दशकानुदशकं जगतात. पण जुन्या प्लाझ्मा पेशी हळूहळू संपत जातात, आणि त्यांची जागा घेणाऱ्या बी-पेशी आपण दर सहा महिन्यांनी काढत राहिलो, तर कधीतरी साठा कमी पडतो. एका कोर्सने सहसा बिघडत नाही, वर्षानुवर्षं घेतलेल्या कोर्सने बिघडतं.

‘आयजीजी कमी आहे’ असं सांगितलं. घाबरण्यासारखं आहे का?

आयजीएम आणि आयजीजी हे रक्तातल्या अँटीबॉडींचे दोन प्रकार. आयजीएम आधी कमी होतो, आयजीजी नंतर. प्रौढांत आयजीजी साधारण ७०० ते १,६०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर असतो. नुसता आकडा थोडा उतरला आणि माणूस ठणठणीत आहे, तर बहुधा लक्ष ठेवणं पुरतं. आकडा ४०० च्या खाली गेला आणि सायनस, कान किंवा छातीचे संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ लागले, तर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देण्याचा विचार करतात. लहान मुलांत ही कमतरता जास्त दिसते आणि टिकूनही राहते. त्यामुळे नेफ्रॉटिकच्या मुलाला रिटुक्सिमॅब देण्याआधी आयजीजी मोजलाय का, हे आईवडिलांनी नक्की विचारावं. हा प्रश्न विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

रिटुक्सिमॅबच्या आधी कावीळ ‘बी’च्या दोन-दोन तपासण्या कशासाठी?

एचबीएसएजी (कावीळ ‘बी’ची नेहमीची तपासणी) निगेटिव्ह आहे म्हणजे हा विषाणू शरीरात कधीच आला नव्हता, असं ठरत नाही. तो येऊन गेला असेल तर यकृताच्या पेशींत त्याचा अंश लपून राहतो, आणि बी-पेशी व अँटीबॉडी त्याला दाबून ठेवतात. तो पहारा उठला की विषाणू जागा होतो. यकृत निकामी होऊन माणसं दगावली आहेत. म्हणून एचबीएसएजीबरोबर, विषाणू पूर्वी येऊन गेला का हे सांगणारी ‘अँटी-एचबीसी टोटल’ तपासावीच लागते. ती पॉझिटिव्ह आली तर एन्टेकॅव्हिरसारखी गोळी देतात, आणि ती शेवटच्या डोसनंतर किमान वर्षभर चालू ठेवतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ही गोळी सोडणं सगळ्यात धोक्याचं.

औषध घेऊन तीन महिने झाले, आणि अचानक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खूप कमी आले. रिटुक्सिमॅबचा याच्याशी काही संबंध?

असू शकतो. उशिरा येणारी न्यूट्रोफिलची घट या औषधात माहीत आहे आणि बहुतेकदा ती आपोआप भरून निघते. ताप असेल तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

लसी कधी घ्यायच्या?

शक्य असेल तर औषधाच्या आधी. डायलिसिसवर असतानाच हिपॅटायटिस बीची लस दुप्पट डोसने, चार वेळा घ्यायची असते. रिटुक्सिमॅब ठरलं असेल तर बाकीच्या निर्जीव लसी त्याआधी दोन ते चार आठवडे. आधी जमलं नाही तर निदान सहा महिने थांबल्यावर लस जास्त उपयोगी पडते, कारण बी-पेशीच नसतील तर अँटीबॉडी बनवणार कोण? कोविडच्या काळात हे ठळकपणे दिसलं. रिटुक्सिमॅब घेतलेल्या अनेकांत लसीनंतर अँटीबॉडी जवळजवळ बनल्या नाहीत, टी-पेशींनी मात्र बऱ्यापैकी प्रतिसाद दिला. त्यामुळे ‘अँटीबॉडी आली नाही, लस वाया गेली’ असं म्हणू नये.

गोवर, कांजिण्या, यलो फीव्हर, बीसीजी, तोंडाने देतात ती पोलिओ, या जिवंत लसी प्रत्यारोपणानंतर टाळायच्या. नागिणीवरची नवी लस जिवंत नाही. ती भारतात २०२३ पासून मिळते. महाग आहे, पण पन्नाशीच्या पुढे विचार करण्यासारखी.

घरात नातवाला पोलिओचा डोस देणार आहेत. मी दूर राहू का?

नातवाचं लसीकरण थांबवू नका. तोंडावाटे दिलेल्या लसीतला विषाणू बाळाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडत राहतो. त्या काळात लंगोट बदलणं दुसऱ्या कुणाकडे द्या आणि हात साबणाने धुवा. नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. ‘आजी मला घेत का नाही’ असं त्याला वाटू देऊ नका.

बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिससाठी अलेमटुझुमॅब दिलं आणि दोन वर्षांनी थायरॉइड निघाला. योगायोग?

योगायोग नाही. अलेमटुझुमॅब सीडी-५२ पकडतं, त्यामुळे टी आणि बी दोन्ही पेशी जातात. बी-पेशी काही महिन्यांत, कित्येकदा पूर्वीपेक्षाही जास्त संख्येने परततात. टी-पेशींना वर्षं लागतात. मधल्या काळात आवरणारं कुणी नाही आणि बी-पेशी भरपूर, अशी स्थिती येते. शिवाय परतणाऱ्या टी-पेशी खोडव्याच्याच, आणि खोडव्यात स्वतःच्या शरीराला ओळखणाऱ्या पेशी सहज वाढतात. एमएसच्या साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त रुग्णांत पुढे थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार दिसतो. त्यामुळेच शेवटच्या डोसनंतर चार वर्षं रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नसतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधानंतर प्रतिकारशक्तीच स्वतःवर उलटते, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण पेशी कशा परततात हे कळलं की त्यात नवल राहत नाही.

संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅब चालू आहे. त्यानेही पेशी कमी होतात का?

त्याचं लक्ष्य वेगळं असतं. ते टीएनएफ हे रसायन अडवतं. आपल्याकडे अनेकांच्या फुफ्फुसात टीबीचे जंतू पेशींच्या गाठीत कोंडलेले असतात आणि ती गाठ टीएनएफमुळे टिकते. ते अडवलं की कोंडलेला टीबी बाहेर पडतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि लपलेल्या टीबीसाठीची मॅन्टू किंवा आयजीआरए तपासणी केल्याशिवाय हे औषध सुरू करू नये.

या औषधांनी पुढे कॅन्सर होतो का?

शक्यता वाढते, विशेषतः एप्स्टाइन-बार विषाणूशी निगडित लिम्फोमाची. टी-पेशींचा पहारा कमी झाला की या विषाणूने बाधित बी-पेशी वाढू शकतात. पहिल्या वर्षात, आणि ज्यांना हा विषाणू आधी कधीच झाला नव्हता अशा मुलांत धोका जास्त असतो. न जाणारी गाठ, विनाकारण ताप, घटणारं वजन दिसलं तर कळवा. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी नियमित करून घ्यावी.

मूल हवं आहे. किती थांबू?

रिटुक्सिमॅबनंतर सहसा सहा महिने ते वर्षभर. गरोदरपणाच्या उत्तरार्धात यातल्या बऱ्याच अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात आणि बाळाच्या बी-पेशी काही काळ कमी असू शकतात. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी टोचतात. तुम्ही गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब किंवा रिटुक्सिमॅब घेतलं असेल, तर प्रसूतीआधीच बालरोगतज्ज्ञांना सांगा. बीसीजी काही महिने पुढे ढकलावी लागते. प्रसूतीनंतर सांगायचं ठरवलं तर नर्सने तोवर टोचलेली असते.

प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेल घेतली तर?

नको. जी प्रतिकारशक्ती किडनी वाचवण्यासाठी दाबली आहे, तीच आपल्याला वाढवायची नाही. शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आहे. पोटभर साधं जेवण, उकळलेलं पाणी, पुरेशी झोप आणि हात धुणं यांनी होतं ते पुरेसं आहे.

एटीजीला आठ वर्षं झाली, सगळं ठीक आहे, कार्डही सापडत नाही. आता काय करायचं?

जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून इनडोअर पेपरची प्रत मागा. तुम्हाला ती मागण्याचा हक्क आहे. त्यातून औषधाचं नाव, एकूण डोस आणि तारीख या तीन गोष्टी एका कागदावर उतरवा, आणि त्याचा फोटो स्वतःच्या व घरातल्या एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. गावाकडे ताप आला आणि जवळच्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर तो फोटो आधी दाखवा आणि मग काय होतंय ते सांगा.